अखंड पार्श्वनक्षी

अखंड पार्श्वनक्षी : संकेतस्थळाच्या पृष्ठावर मजकूर, चित्रे इ. घटकांच्या मागे पसरलेली, एकाच लहान प्रतिमेच्या सलग पुनरावृत्तीने सिद्ध होणारी आणि जीत दोन प्रतिमांमधील सांधा दृष्टीस पडत नाही, अशी नक्षी अथवा पोत. ज्या लहान प्रतिमेची पुनरावृत्ती होते तिला ‘एकक’ म्हणतात. फरशीकामात जे स्थान एका फरशीचे व कापडछपाईत जे एका ठशाचे, तेच येथे एककाचे असते. नक्षी व पोत यांत थोडा भेद आहे. नक्षीत फूल, वेल, चौकडा, पट्टा यांसारखे आकार स्पष्ट ओळखू येतात, तर पोतात एखाद्या पृष्ठभागाचा खरखरीतपणा, वीण, तडे, कण यांचा एकंदर भास असतो. दोहोंना पुनरावृत्तीचे नियम सारखेच लागू पडतात. या विषयाचे विवेचन करताना पुढे मुख्यतः पुणे जिल्ह्याच्या बारामती व इंदापूर या तालुक्यांत आढळणाऱ्या विणीची व दगडी कामाची उदाहरणे घेतली आहेत.

ऐतिहासिक आढावा : लहान एककाच्या पुनरावृत्तीने मोठे पृष्ठ भरण्याची कल्पना अतिशय जुनी असून विणकाम, विटांचे बांधकाम, जाळीकाम, रांगोळी, ठशांची छपाई या सर्वांत ती आढळते. ठिपक्यांच्या रांगोळीत आधी ठिपक्यांची समांतर मांडणी केली जाते व नंतर रेषा जोडल्या जातात. पुनरावृत्तीची चौकट आधी व आकार नंतर, हा क्रम आजच्या संगणकीय आरेखनातही कायम आहे. मात्र चौकटींत विभागलेले प्रत्येक पृष्ठ पुनरावर्ती असतेच असे नाही. अजिंठा येथील पहिल्या लेण्याचे छत चौकटींत विभागलेले असले, तरी त्यांतील फुले, फळे व प्राणी चौकटीगणिक बदलतात. तेथे मांडणीची पुनरावृत्ती आहे, चित्राची नाही.

यंत्रयुगात पुनरावृत्तीला नेमकेपणा आला. फ्रान्समधील झोझेफ मारी झाकार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी प्रचारात आणलेल्या मागावर छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या पत्त्यांनी ताण्याचे धागे उचलले जातात. हे पत्ते दोऱ्याने ओवून त्यांचे शेवटचे टोक पहिल्याला जोडलेले असते. पत्त्यांची माळ फिरत राहते व शेवटच्या ओळीनंतर आपोआप पहिली ओळ विणली जाते. इंदापूरच्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील चादरी याच पद्धतीच्या मागांवर विणल्या जातात. संकेतस्थळावरील पार्श्वनक्षीचे तत्त्व या माळेत पूर्णपणे सामावलेले आहे. भिंतीवर चिकटविण्याच्या छापील कागदांनी हेच तत्त्व घराघरांत नेले. इंग्लंडमधील ओवेन जोन्स यांच्या १८५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अलंकरणविषयक ग्रंथात भारतीय नक्षीचाही समावेश होता, तर विल्यम मॉरिस यांच्या भित्तिकागदांची निर्मिती १८६४ पासून सुरू झाली.

संकेतस्थळांवर पार्श्वप्रतिमेचा वापर १९९५ च्या सुमारास नेटस्केप या न्याहाळकामुळे रूढ झाला. त्या काळी दूरध्वनीच्या तारेवरून सेकंदाला २८,८०० बिट या वेगाने माहिती येत असे. या वेगाने २० किलोबाइटची प्रतिमा उतरण्यास सु. ६ सेकंद लागत. साऱ्या पडद्याएवढे चित्र पाठविणे व्यवहार्य नव्हते. लहान एकक एकदाच पाठवून न्याहाळकाकडून त्याची पुनरावृत्ती करवून घेणे हा त्यावरील उपाय होता. डिसेंबर १९९६ मध्ये सीएसएस या शैलीभाषेची पहिली शिफारस प्रसिद्ध झाली. तिच्यामुळे एककाची पुनरावृत्ती दोन्ही दिशांना, केवळ आडवी, केवळ उभी किंवा मुळीच नको, हे ठरविता येऊ लागले. आरंभीच्या उत्साहात भडक नक्षीवर भडक अक्षरे छापलेली पृष्ठे बरीच झाली व पुढे साध्या, एकरंगी पार्श्वभूमीकडे कल वळला. तथापि सौम्य पोताचा व कमी रंगांच्या नक्षीचा वापर आजही चालू आहे.

भूमितीय आधार : एककाची उजवी कडा पुढील एककाच्या डाव्या कडेला भिडते, परंतु पुढील एकक म्हणजे तेच एकक असल्याने वस्तुतः त्याची उजवी कडा त्याच्याच डाव्या कडेशी जुळावी लागते. तसेच वरच्या व खालच्या कडांचे होय. चारही कोपरे पुनरावृत्तीत एकाच बिंदूपाशी एकत्र येतात. एककाचा कागद डावी-उजवीकडून गुंडाळून चिकटविला, तर नळी होते व नळीची दोन्ही तोंडे एकमेकांस जोडली, तर डोक्यावर घागर पेलण्यासाठी घेतात त्या चुंबळीसारखा आकार होतो. चुंबळीला कोठेही कडा नसते. ज्या एककाची अशी चुंबळ केल्यास चित्रात कोठेही खंड पडत नाही, ते एकक अखंड होय.

सपाट पृष्ठावर दोन दिशांनी पुनरावृत्त होणाऱ्या नक्षींचे सममितीनुसार नेमके १७ प्रकार संभवतात, हे रशियन स्फटिकवैज्ञानिक फ्योदरफ यांनी १८९१ मध्ये दाखविले. १९२४ मध्ये हंगेरियन गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनी स्वतंत्रपणे तोच निष्कर्ष काढला. एकाच दिशेने धावणाऱ्या पट्टीचे असे ७ प्रकार आहेत. अशा पुनरावर्ती नक्षीत १८०, १२०, ९० व ६० अंशांचीच परिभ्रमणसममिती शक्य असते. म्हणूनच पाच पाकळ्यांचे फूल एककात घालता येते. पण त्याची पंचकोनी सममिती साऱ्या पृष्ठाची सममिती होऊ शकत नाही.

एककांच्या मांडणीचे तीन प्रकार विशेष प्रचारात आहेत. पहिल्यात एकके ओळीत व रकान्यात सरळ बसतात. दुसऱ्यात विटांच्या बांधकामाप्रमाणे प्रत्येक ओळ अर्ध्या एककाने सरकते. तिसऱ्यात प्रत्येक रकाना अर्ध्या उंचीने खाली उतरतो. शेवटच्या दोन मांडणींत नजरेला सरळ रांगा चटकन सापडत नाहीत, म्हणून कापडावर त्यांना पसंती मिळते. न्याहाळक मात्र एकके सरळच मांडतो. त्यामुळे अर्धा रकाना उतरवावयाचा असल्यास शेजारचे दोन रकाने सामावतील असे दुप्पट रुंदीचे एकक करावे लागते.

एकक तयार करण्याच्या पद्धती : एकक हाताने रेखाटून, गणिती सूत्राने किंवा छायाचित्रावरून तयार करतात. रेखाटलेल्या एककात उजव्या कडेबाहेर जाणारा आकार तेवढाच डाव्या कडेतून आत आणावा लागतो. सूत्राने केलेल्या पोतांत केन पर्लिन यांची १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेली पद्धत महत्त्वाची असून ढग, संगमरवर, लाकूड यांचे भास तिने निर्माण करता येतात. छायाचित्रापासून एकक करणे वरकरणी सोपे, परंतु प्रत्यक्षात सर्वांत अवघड आहे. ते घोंगडीच्या उदाहरणाने स्पष्ट होईल.

बारामती व इंदापूरचा बराच भाग पर्जन्यछायेत मोडतो. कालव्यांच्या पाण्याने उसाची शेती वाढली असली, तरी जिराईत पट्ट्यात मेंढपाळीची परंपरा आहे. दख्खनी मेंढीची जाड, राठ लोकर कातून व ताण्याला चिंचोक्याची खळ लावून खड्डामागावर घोंगडी विणतात. सणगर व धनगर समाजांत हे कौशल्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. काळी, पांढरी व करडी हे लोकरीचेच रंग असल्याने घोंगडीचे पट्टे व कडा त्यांच्याच मेळातून साधतात.

अशा घोंगडीचे छायाचित्र समोरून, पसरट उजेडात व वीण स्पष्ट दिसेल इतक्या जवळून घ्यावे लागते. दूरच्या छायाचित्रात धाग्यांची जाळी व कॅमेऱ्याच्या संवेदकाची जाळी यांच्या संयोगाने मूळ कापडात नसलेल्या लहरी उमटतात. त्यानंतर धागे कडांना समांतर येतील असे चित्र फिरवितात. २५२ पिक्सेल रुंदीच्या एककात केवळ १ अंशाचा कल राहिला, तरी एका कडेपासून दुसरीपर्यंत आडवा धागा ४ पिक्सेलांहून अधिक सरकतो व प्रत्येक सांध्यापाशी पायरी दिसते. एककाची रुंदी पट्ट्यांच्या आवर्तनाच्या पूर्ण पटीत असणेही आवश्यक आहे. पट्टा दर ८४ पिक्सेलांनी पुन्हा येत असेल, तर रुंदी ८४, १६८ किंवा २५२ अशी घ्यावी. सवयीने २५६ घेतल्यास तीन आवर्तनांनंतर ४ पिक्सेल उरतात आणि प्रत्येक सांध्यापाशी पट्ट्यांची रचना बेढब होते. उभ्या दिशेला बाण्याच्या धाग्यांची संख्याही पूर्ण धरावी लागते.

यानंतर सांधा प्रकट करण्याची युक्ती योजतात. चित्र निम्म्या रुंदीने व निम्म्या उंचीने सरकवून जो भाग बाहेर जातो तो विरुद्ध बाजूने आत घेतात. त्यामुळे कडांवरील सांधे एककाच्या मध्यभागी अधिकचिन्हाच्या आकारात येतात. तेथे त्याच कापडाच्या दुसऱ्या भागातील तुकडे बसवून ते बुजवितात व चित्र पुन्हा सरकवून तपासतात. हेच काम संगणकाकडून करवून घेण्याची एक पद्धत अलेक्सेई एफ्रॉस व विल्यम फ्रीमन यांनी २००१ मध्ये मांडली. तीत चित्राचे तुकडे एकमेकांवर थोडे चढवून, जेथे दोहोंतील फरक किमान असेल अशा वाकड्यातिकड्या रेषेने ते कापून जोडतात. या पद्धतीला दिलेले नाव गोधडी शिवण्याच्या क्रियेवरूनच घेतलेले आहे. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीही अखंड एकके तयार करून देतात. त्यांची तपासणी मात्र वरील रीतीनेच करावी लागते.

दोन प्रकारचे दोष : कडा जुळल्या म्हणजे काम संपले, असा समज आढळतो. वस्तुतः अखंडतेला दोन अटी आहेत : एक कडांची व दुसरी एककाच्या अंतर्भागाची. पहिली मोजता येते. दुसरी नजरेने पारखावी लागते. एककात एखादी गाठ, डाग किंवा ठळक धागा असेल, तर एकटे एकक पाहताना तो सुंदर वाटतो. पुनरावृत्ती होताच तो नेमक्या अंतरावर परत परत दिसू लागतो व रांग धरतो. तसेच छायाचित्राची एक बाजू किंचित उजळ असल्यास साऱ्या पृष्ठावर सोंगटीच्या पटासारखे चौकोन उमटतात. उपाय म्हणून चित्राची अतिशय धूसर प्रत काढून तिच्यातील उजेडाचा चढउतार मूळ चित्रातून वजा करतात. एककाची परीक्षा एकट्यावर न करता किमान तीन ओळी व तीन रकाने पसरून, थोडे दूर उभे राहून करावी.

संचयन व प्रदर्शन : अखंड एककाचा मुख्य लाभ म्हणजे काटकसर. १,९२० × १,०८० पिक्सेलांचे चित्र दर पिक्सेलला ३ बाइट याप्रमाणे ६२,२०,८०० बाइट जागा घेते. २५६ × २५६ चे एकक १,९६,६०८ बाइट, म्हणजे जवळजवळ बत्तिसावा हिस्सा घेते. संक्षेपणानंतर दोन्ही आकडे पुष्कळ घटतात. मर्यादित विदा व कमकुवत संकेत असलेल्या भागातील भ्रमणध्वनीवर हा फरक जाणवतो. थोड्या रंगांच्या स्पष्ट नक्षीसाठी पीएनजी, छायाचित्रीय पोतासाठी जेपीईजी वा वेबपी व रेषात्मक नक्षीसाठी एसव्हीजी हे प्रकार योग्य ठरतात. जेपीईजीमध्ये चित्र ८ × ८ पिक्सेलांच्या ठोकळ्यांत संक्षेपित होत असल्याने जुळविलेल्या कडा साठवणीनंतर किंचित बिघडू शकतात. रुंदी व उंची १६ च्या पटीत ठेवल्यास हा धोका कमी होतो. पण पट्ट्याच्या आवर्तनाची अट त्याआड येत असेल, तर हानिरहित प्रकार निवडणे इष्ट. पृष्ठ लहानमोठे करून पाहताना एककाची रुंदी अपूर्णांकी पिक्सेलांत आली, तर एककांमध्ये केसासारख्या बारीक रेषा दिसतात. म्हणून अशी तपासणी निरनिराळ्या उपकरणांवर करतात.

देवनागरी मजकूर व वाचनीयता : पार्श्वनक्षीचे यश ती किती लक्ष वेधते यावर नसून तिच्यावरील मजकूर किती सुखाने वाचता येतो यावर अवलंबून असते. संकेतस्थळांच्या सुगम्यतेविषयीच्या २००८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात अक्षरे व पार्श्वभूमी यांच्या तेजस्वितेचे गुणोत्तर किमान ४·५ : १ व मोठ्या अक्षरांसाठी ३ : १ असावे, असे म्हटले आहे. नक्षीच्या बाबतीत हे गुणोत्तर सरासरी रंगावरून न काढता तिच्यातील अक्षराच्या रंगाला सर्वांत जवळच्या छटेवरून काढले पाहिजे.

देवनागरी लिपीला आणखी काही गोष्टी जपाव्या लागतात. शिरोरेखा ही आडवी रेषा असल्याने बारीक आडव्या पट्ट्यांची नक्षी तिच्यात मिसळते. उभे बारीक पट्टे काना व दंड यांच्याशी स्पर्धा करतात. बारीक ठिपक्यांची नक्षी तर अनुस्वाराचाच भास निर्माण करते. ‘गाव’ व ‘गावं’ यांतील फरक एका ठिपक्याचा असतो. म्हणून ठिपके व पट्टे अक्षरांतील अवयवांपेक्षा स्पष्टपणे मोठे किंवा अतिशय फिके ठेवावेत. घोंगडीचा पट्टा पृष्ठाच्या समासात पूर्ण रंगात व मजकुरामागे केवळ तिची फिकी वीण, अशी विभागणी बहुधा समाधानकारक ठरते.

अखंडता व पुरावा : स्थानिक वास्तू व वस्त्रे यांवरून एकके तयार करताना एक विवेक राखणे अगत्याचे आहे. बारामती तालुक्यातील लोणी भापकर येथे दगडी मल्लिकार्जुन मंदिर व पुष्करणी आहे. इंदापूर तालुक्यातील जुने पळसदेव हे गाव भीमेवरील उजनी धरणाच्या जलाशयात गेले व तेथील पळसनाथाचे प्राचीन मंदिर पाणी बरेच ओसरल्यावरच उघडे पडते. हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. मंदिराच्या थरांवरून धावणाऱ्या शिल्पपट्ट्या ही दगडातील पुनरावर्ती नक्षी होय. मात्र हाताने कोरलेले कोणतेही दोन घटक तंतोतंत सारखे नसतात, पट्टी कोपऱ्यावर वळताना कारागिराला घटक आखूड वा लांब करावा लागतो आणि पाणी व काळ यांनी काही भाग झिजतो किंवा फुटतो.

अशा पट्टीचे अखंड एकक करताना नेमक्या याच गोष्टी पुसल्या जातात. फुटलेली पाकळी बुजविली जाते, झीज झाकली जाते व एक घटक सर्वांचा प्रतिनिधी होतो. पार्श्वनक्षीत हा गुण आहे. नोंदीत तो दोष ठरेल. कारण कोणता घटक कोठे तुटला, कोपरा कसा वळविला, हत्याराची खूण कोणती, हीच माहिती अभ्यासकाला हवी असते. जे मंदिर वारंवार पाण्याखाली जाते त्याच्या बाबतीत तर पूर्वीचे छायाचित्र हाच पुढील तुलनेचा आधार असतो. म्हणून मूळ छायाचित्र मोजपट्टी, स्थळ व दिनांक यांसह स्वतंत्र व अस्पर्श राखावे, एकक त्याच्या प्रतीवरून करावे व ते शोभेसाठी दुरुस्त केलेले आहे, असे त्याच्या नावातच नमूद करावे. हातकताईच्या सुताचा जाडबारीकपणा घालवून टाकलेले घोंगडीचे एकक शोभेला चालते; परंतु विक्रीच्या मालाचे चित्र म्हणून तेच दाखविल्यास ग्राहकाची दिशाभूल होते व यंत्रावरच्या सारखेपणापुढे विणकराचे खरे काम सदोष वाटू लागते.

नक्षीच्या हक्कांचाही विचार करावा लागतो. नव्या मौलिक आरेखनाला भारतात डिझाइन अधिनियम, २००० खाली नोंदणी करून १० वर्षे व पुढे आणखी ५ वर्षे संरक्षण मिळू शकते. पारंपरिक नक्षी सहसा एका व्यक्तीच्या मालकीची नसते. मात्र पैठणी, वारली चित्रकला, सोलापुरी चादर यांसारख्या काहींना भौगोलिक मानांकन लाभले आहे. अशी नक्षी वापरताना तिचे मूळ व ती जोपासणारा समाज यांचा उल्लेख करणे उचित होय. देवदेवतांच्या मूर्ती व धार्मिक चिन्हे यांचे एकक करणे शक्यतो टाळतात, कारण पडद्याच्या कडेला पुनरावृत्ती कोठेही तुटते व मूर्ती अर्धवट छाटलेली दिसते.

पडद्यांचे आकार व साधने बदलत असली, तरी पार्श्वनक्षीचे मूळ प्रश्न विणकर व ठसेकार यांना पूर्वीपासून परिचित असलेलेच आहेत : शेवट आरंभाशी कसा जुळवावा, पुनरावृत्तीतील कंटाळा कसा टाळावा आणि मागे असणाऱ्याने मागेच कसे राहावे. संगणकाने यांत भर घातली ती सांधा पूर्णपणे लपविण्याच्या सामर्थ्याची. तो कोठे लपवावा व कोठे दिसू द्यावा, हा निर्णय मात्र आरेखकालाच घ्यावा लागतो.